रूथ क्रॉफर्ड सीगर : वीस वर्षांच्या ‘मौना’चा वाद

विसाव्या शतकातल्या अमेरिकन संगीताच्या इतिहासात रूथ क्रॉफर्ड सीगर हे नाव दोन निरनिराळ्या प्रकरणांत येतं आणि दोन्हीकडे अर्धंच येतं. पहिल्या प्रकरणात ती रूथ क्रॉफर्ड असते : १९०१ साली ओहायो राज्यातल्या ईस्ट लिव्हरपूलला एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेली, वडील लवकर गेल्यावर फ्लॉरिडात आईने घरातल्या खोल्या भाड्याने देऊन वाढवलेली, शिकागोत शिकून न्यूयॉर्कच्या नवसंगीतवाल्यांत जाऊन बसलेली, आणि १९३० मध्ये संगीतरचनेसाठी गुगेनहाइम फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री. दुसऱ्या प्रकरणात ती मिसेस सीगर असते : संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगरची पत्नी, माइक आणि पेगी या लोकगायकांची आई, पीट सीगरची सावत्र आई, मुलांसाठीच्या लोकगीतांच्या पुस्तकांची संपादिका. या दोहोंच्या मध्ये, साधारण १९३२ च्या सुमारास, इतिहासकार एक रेघ मारतात आणि रेघेपलीकडच्या वीस वर्षांना ‘मौन’ म्हणतात. ते मौन होतं का, एवढाच इथला प्रश्न. तो आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीने पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष करून मांडला आहे. उत्तरपक्ष माझा. पूर्वपक्षाला मुद्दाम दुबळं केलेलं नाही. खरं तर पुराव्यांची पोतडी त्याचीच जड आहे.

पूर्वपक्ष : आधी तारखा पाहू, कारण तारखा कुणाची बाजू घेत नाहीत. १९२४ ते १९३२ या आठ वर्षांत या बाईने पियानोसाठी नऊ प्रील्यूड लिहिली, व्हायोलिन सोनाटा लिहिला, छोट्या वाद्यवृंदासाठी रचना केली, ‘डायफोनिक’ संच लिहिले, स्त्रियांच्या समूहासाठी अर्थ नसलेल्या, स्वतःच घडवलेल्या अक्षरांवर ‘चँट’ रचले, कार्ल सँडबर्गच्या कवितांवरची तीन गीतं केली आणि बर्लिनमध्ये बसून स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं. १९३३ मध्ये ती तीन गीतं ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नवसंगीत महोत्सवात अमेरिकेतर्फे सादर झाली. तोवर तिचं चार्ल्स सीगरशी लग्न झालेलं होतं, आणि त्याच वर्षी माइक जन्मला. १९३५ मध्ये पेगी, १९३७ मध्ये बार्बरा, १९४३ मध्ये पेनी. या काळात स्वतःची म्हणावी अशी रचना किती? १९३९ मध्ये रेडिओसाठी लिहिलेला ‘रिसॉल्टी रॉसॉल्टी’ हा तीनेक मिनिटांचा तुकडा. तोही लोकगीतांच्या चालींवर बेतलेला. नंतर थेट १९५२ चं विंड क्विंटेट. १८ नोव्हेंबर १९५३ ला कॅन्सरने ती गेली, तेव्हा बावन्न वर्षांची होती. तुम्ही याला वळण म्हणा. मला इथे एक संगीतकार मारली गेलेली दिसते. मारेकरी मात्र एकटा नव्हता, एवढंच.

उत्तरपक्ष : तारखा मान्य. पण तुम्ही मोजताय काय, ते आधी ठरवायला हवं. रचना मोजायच्या असतील तर तुमचं म्हणणं खरं. संगीताचा विचार मोजायचा असेल, तर तो विचार होता कसला, हे क्वार्टेटच्या आत शिरून पाहावं लागेल. त्याच्या तिसऱ्या भागात चारही वाद्यं लांब सूर धरून बसतात. धून अशी कुणाकडेच नाही. प्रत्येक वाद्य आपला सूर हळूहळू फुगवतं आणि ओसरवतं, पण चौघांचे चढ-उतार एका वेळी होत नाहीत. एकाचा आवाज वर येतो तेव्हा दुसऱ्याचा खाली जात असतो. ऐकणाऱ्याला जी धून ऐकू येते ती या आळीपाळीने पुढे येणाऱ्या आवाजांतून तयार होते. म्हणजे आवाजाचा लहान-मोठेपणा, जो एरवी सुरावर चढवलेला साज असतो, तोच इथे रचनेचा मूळ माल आहे. चौथ्या भागात पहिलं व्हायोलिन एका बाजूला आणि उरलेली तिन्ही वाद्यं म्यूट लावून, एकजुटीने दुसऱ्या बाजूला. व्हायोलिन एक सूर वाजवतं, मग दोन, मग तीन, असं वाढत जातं. बाकीचे तिघे वीस सुरांपासून सुरुवात करून एकेक सूर कमी करत येतात. मध्यावर पोचल्यावर सगळं उलट्या दिशेने, अर्धा सूर वर चढून परत फिरतं. बोलणारा आणि गर्दी यांच्यातली ही झटापट गणिताने बांधलेली आहे, तरी ऐकताना ती झटापटच वाटते. या संगीतात कुणी कुणाची साथ करत नाही. कोणताही आवाज दुसऱ्याच्या सोयीसाठी वाकत नाही.

हे तिच्याकडे आलं कुठून? १९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला चार्ल्स सीगरकडे शिकायला गेली. बाईला रचना शिकवायला त्याची फारशी तयारी नव्हती. पण तिने दिलेली उत्तरं त्याच्या प्रश्नांपेक्षा पुढची निघाली. त्याचा सिद्धांत असा की पाश्चात्त्य काउंटरपॉइंटचे नियम उलटे करायचे : विसंवाद हा नित्याचा, आणि संवाद आलाच तर त्याची आधी तयारी करायची, नंतर त्यातून सोडवून घ्यायचं. हा ग्रंथ १९३० च्या उन्हाळ्यात त्याने तिला तोंडी सांगत, तिच्याशी वाद घालत लिहून काढला आणि तिलाच अर्पण केला. छापून आला तो दोघंही गेल्यावर, १९९४ मध्ये. तर या शिक्षणाने तिच्या कानाला एक सवय लावली : एका आवाजातले सूर, लय, वजन, आघात हे सगळे धागे सुटे सुटे ऐकायचे आणि ते जुळत नसतील तर बळेच जुळवायचे नाहीत. आता हा कान १९३६ नंतर वॉशिंग्टनमध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकगीत-संग्रहातल्या तबकड्यांपाशी नेऊन बसवा.

जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी १९३३ पासून मोटारीत ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घालून दक्षिणेतले तुरुंग, शेतं, खाणी आणि डोंगराळ केंटकी पालथी घातली होती. त्या तबकड्यांवरची गाणी कागदावर उतरवून छापायची होती. त्याआधीचे बहुतेक संग्राहक गाणारा समोर बसलेला असताना कानाने ऐकून चाल टिपून घेत. गाणारा तिसऱ्या ओळीत दीड मात्रा थांबला तर ती त्याची चूक समजून पुढच्या कडव्यात दुरुस्त होई. सूर तीव्र आणि कोमल यांच्या अधेमधे कुठे लागला तर तो जवळच्या खुंटीला टांगला जाई. तबकडीचं तसं नव्हतं. ती पुन्हा लावता येते, आणि पुन्हा लावली की तो थांबा पुन्हा तेवढाच भरतो. रूथ एकेक तबकडी डझनावारी वेळा लावून ऐके. तिच्या लेखनात एकाच गाण्यात मात्रांचे हिशेब ओळीओळीला बदलतात, कारण गाणारा तसाच गायला होता. ‘अवर सिंगिंग कंट्री’ हे पुस्तक १९४१ मध्ये निघालं, ते तिच्या या कामामुळे लांबत लांबत. लोमॅक्स पितापुत्रांचा जीव मेटाकुटीला आला होता. मला तर त्या लांबणीवर पडलेल्या वर्षांत क्वार्टेट लिहिणारी बाईच काम करताना दिसते.

पूर्वपक्ष : सुंदर मांडलंत, पण फसवं आहे. चांगला कान कामाला लागला म्हणून ते काम रचना होत नाही. न्यायालयातल्या लघुलेखकाचा कानही तल्लख असतो. निकाल तो लिहीत नाही. जे आधीच गायलं गेलंय ते जसंच्या तसं उतरवणं म्हणजे लेखनिकी. आणि एक सांगा, क्वार्टेटचा तिसरा भाग आवाजाच्या चढ-उतारांवर उभा आहे असं तुम्हीच म्हणालात. पुढे लोकगीतांबद्दल लिहिताना हीच बाई सांगते की हे गाणारे पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत आवाज एकाच पातळीवर ठेवतात, भाव म्हणून तो फुगवत-ओसरवत नाहीत, आणि गाणाऱ्याने तसंच गावं. मग कान एकच कसा? इथे तर तिने आपल्याच शोधावर पाणी सोडलंय.

उत्तरपक्ष : या आक्षेपावर उत्तरपक्षाची खरी परीक्षा आहे. आवाजाची पातळी एकसारखी आहे, हे लक्षात कुणाच्या येतं? जो तिला स्वतंत्र गोष्ट म्हणून ऐकू शकतो त्याच्या. मैफिलीच्या संगीतात वाढलेल्या माणसाला शेवटच्या ओळीत लय ढिली करणं, दुःखाच्या शब्दावर आवाज बारीक करणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की समोरच्या गाण्यात ते नाही, हे त्याला जाणवतच नाही. नकळत ते तो स्वतःच्या पदरचं घालतो. रूथने एका संपूर्ण रचनेत फक्त हाच एक धागा सुटा काढून पाहिला होता. म्हणून तो जिथे मुद्दाम सपाट ठेवलाय तिथे तिला तो सपाटपणा ऐकू आला, आणि तो अडाणीपणातून आला नसून ती एक शैली आहे, गाण्याचा ताठ कणा आहे, हे तिने ओळखलं. पाणी सोडलं म्हणता, मला तर तोच शोध दुसऱ्या टोकाने पुरा झालेला दिसतो.

आणि लेखनिकीबद्दल. पंधरा कडव्यांचं गाणं आहे, प्रत्येक कडव्यात चाल थोडी वेगळी पडते. छापायची कोणती? पहिली, कारण ती पहिली आहे? सगळ्यांतून एक नमुना-चाल काढायची? ती काढताना ज्या वळणाचा वापर जास्त वेळा झाला तेच घ्यायचं, की जे एकदाच आलं पण ज्यावर गाण्याचा जीव आहे ते? सामान्य वाचकाला पाहून गाता येईल इतकं सोपं लिहायचं, की अभ्यासकाला लागेल इतकं बारीक, की दोन्हींच्या मधलं, आणि मधलं म्हणजे नेमकं कुठे? हे प्रश्न तिने स्वतःला एकेका गाण्यापुरते विचारले आणि मग त्यांचं एक शास्त्रच लिहायला घेतलं. ‘अवर सिंगिंग कंट्री’ला स्वरलेखनाविषयी एक टीप जोडायची होती, ती वाढत वाढत स्वतंत्र पुस्तकाएवढी झाली. एका भागात स्वरलेखन कसं केलं आणि का. दुसऱ्यात ही गाणी कशी गायली जातात आणि शहरी माणसाने ती गाताना काय टाळावं. गाण्याला खाली उतरून, कौतुकाने गोंजारत गाऊ नका. नाट्य आणू नका. कडव्याच्या शेवटी रेंगाळू नका. पायाने ठेका धरायला लाजू नका. इतका मजकूर छापायला प्रकाशक राजी नव्हता. छापली गेली ती एक छोटी प्रस्तावना. पूर्ण निबंध ‘द म्युझिक ऑफ अमेरिकन फोक साँग’ या नावाने लॅरी पोलान्स्की आणि ज्युडिथ टिक यांच्या हातून २००१ मध्ये बाहेर आला, म्हणजे ती गेल्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. आपल्याकडच्या ओव्यांच्या बहुतेक छापील संग्रहांत शब्द मुबलक आणि चालीच्या नावाने शून्य, हे ज्यांना खटकलं असेल त्यांनी हा निबंध अवश्य वाचावा. नुसते शब्द छापून गाणं वाचतं या समजुतीला इतकं शांत आणि इतकं सविस्तर उत्तर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

रचना आणि लेखन यांच्यातली भिंत किती पातळ आहे, याचं एक उदाहरण सगळ्या अमेरिकेच्या कानावर आहे. १९३७ मध्ये केंटकीत ॲलन लोमॅक्सने बिल स्टेप नावाच्या फिडलवादकाकडून ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ मुद्रित केलं. बाकीचे वादक ही चाल संथ कूच म्हणून वाजवत. स्टेपने ती भरधाव सोडली होती. रूथने ती तशीच, आघातांसकट, उतरवली आणि ती ‘अवर सिंगिंग कंट्री’त छापली गेली. पुढच्याच वर्षी संगीतकार आरन कोपलँडने ‘रोडिओ’ या बॅलेसाठी पुस्तकातलं ते पान घेतलं आणि जवळजवळ स्वरास स्वर वाद्यवृंदावर चढवलं. ‘हो-डाउन’ या नावाने ते आज अमेरिकेच्या सर्वांत ओळखीच्या संगीतांपैकी एक आहे. तिने त्या फिडलला सभ्य केलं असतं, तर कोपलँडच्या हाती सभ्य कूचच लागली असती.

पूर्वपक्ष : आता तुम्हीच स्वतःला अडचणीत आणलंत. त्या संगीताचं श्रेय बिल स्टेपचं. कोपलँडने ते घेतलं, लोमॅक्सच्या पुस्तकातून घेतलं, आणि आता तुम्ही त्यातला एक तुकडा रूथला काढून देताय. एका विसरलेल्या बाईला न्याय देताना तुम्ही केंटकीतल्या त्या वादकाला आणि मिसिसिपीच्या तुरुंगात राबताना गाणाऱ्या काळ्या कैद्यांना आणखी एका जागेने मागे ढकलताय. लोकसंगीताचा अभ्यास म्हणजे गरिबांच्या गळ्यातलं काढून शिकलेल्यांच्या कपाटात ठेवणं, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्याल?

उत्तरपक्ष : म्हणणाऱ्याचं बरंचसं खरं आहे, असंच उत्तर देईन. पुरावा खुद्द सीगर घरातला आहे. या घरी स्वयंपाकपाणी आणि घरकाम करायला एलिझाबेथ कॉटन नावाची काळी बाई होती. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात हरवलेल्या छोट्या पेगीला तिने आईपाशी आणून पोचवलं, त्यातून ती या घरी आली. भिंतीवरची गिटार एकदा तिने काढून डाव्या हाताने वाजवली, तेव्हा कळलं की ही तर लहानपणी ‘फ्रेट ट्रेन’सारखं गाणं रचलेली कलावंत आहे. पुढे पेगीने ते इंग्लंडमध्ये गायलं आणि तिथे १९५७ मध्ये ते दुसऱ्यांच्याच नावावर गाजलं. हक्क परत मिळवायला कॉटनला झगडावं लागलं. म्हणजे चांगल्या हेतूने भरलेल्या घरातूनही गाणं निसटून परक्याच्या नावावर जातं. रूथच्या बाजूने एवढंच म्हणता येतं, आणि ते थोडं नाही, की तिच्या पद्धतीत गाणाऱ्याला नाव, गाव, वर्ष होतं, आणि त्याची लकब ही ‘लोकां’ची सरासरी म्हणून पुसली जात नव्हती. गाणाऱ्याने जिथे श्वास घेतला तिथे तिने श्वास लिहिला. श्रेय चोरीला जातं ते बहुतेक वेळा याच्या उलट पद्धतीने : आधी गाणं ‘पारंपरिक’ करायचं, मग त्यावर आपली सुधारणा चढवायची, मग सुधारणेवर नाव घालायचं. स्टेपचं वादन आज स्टेपचं म्हणून सिद्ध करता येतं ते तबकडी आणि हे लेखन समोरासमोर ठेवूनच. रूथला तुकडा द्यायचा तो या साक्षीचा; संगीत स्टेपचंच.

पूर्वपक्ष : बरं. पण तिच्या स्वतःच्या गळचेपीबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही. व्हायोलिन सोनाट्याची आपली प्रत या बाईने जाळून टाकली. शिष्या विव्हियन फाइनपाशी एक प्रत राहिली होती म्हणून ती रचना पन्नास वर्षांनी पुन्हा ऐकायला मिळाली. स्वतःचं लिखाण जाळणारी माणसं सुखाने वळण घेत नसतात. नवऱ्याने नवसंगीत सोडलं की हिनेही सोडलं. तो मजुरांच्या गाण्यांकडे गेला, ही गेली. तो सरकारी नोकरीत लोकसंगीताकडे वळला, ही मागोमाग. पगार पुरेना म्हणून दिवसभर पियानोच्या शिकवण्या, चार मुलं, आणि उरल्या वेळात तबकड्या.

उत्तरपक्ष : शिकवण्या, मुलं, पैशाची ओढाताण यातलं काहीही मी नाकारत नाही, आणि त्या घरात सिद्धांत मांडायला सवड कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हेही उघड आहे. मला आक्षेप आहे तो ‘मागोमाग’ या शब्दाला. १९२७ साली, चार्ल्स सीगरचं तोंडही पाहिलेलं नसताना, तिने सँडबर्गच्या ‘द अमेरिकन साँगबॅग’ या लोकगीत-संग्रहासाठी पियानोच्या साथी लिहिल्या होत्या. सँडबर्गच्या मुलींना ती पियानो शिकवत होती. ती गाणी त्या घरात तिच्या कानावर पडत होती. म्हणजे लोकगीत तिच्याकडे सासरहून आलेलं नाही. दुसरं, मौन लग्नाने सुरू झालं हा हिशेबही चुकतो. फेलोशिपवर युरोपात असतानाच मोठ्या वाद्यवृंदाची रचना तिच्याच्याने पुरी होईना. मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. तो काच तिला लागून राहिला होता, तेव्हा ती अविवाहित होती. परत आली ती महामंदीतल्या अमेरिकेत. १९३२ मध्ये तिने ‘साको, व्हान्झेट्टी’ आणि ‘चायनामन, लाँड्रीमन’ ही दोन गीतं लिहिली, एक विजेच्या खुर्चीवर गेलेल्या दोघा इटालियन स्थलांतरितांवर, दुसरं धोब्याच्या दुकानात राबणाऱ्या चिनी मजुरावर. विषय मजुरांचा आणि संगीत असं की मजुराला त्यातलं एक वळण गुणगुणता येऊ नये. ही विसंगती तिला टोचली नसेल, असं मानणं म्हणजे तिला बुद्धी नव्हती असं मानणं. सोनाटा जाळणं मलाही क्लेशाचं वाटतं. पण तो सोनाटा तिच्या शिकागोतल्या, रशियन संगीतकार स्क्रियाबिनच्या छायेतल्या काळातला आहे. क्वार्टेट तिने जाळलं नाही.

पूर्वपक्ष : मग तिचीच साक्ष काढतो. १९४८ मध्ये संगीतकार एडगार व्हारेझला तिने पत्र लिहिलं. गेली डझनभर वर्षं आपण चालतोय तो हमरस्ता आहे की आडवाट, याचा विचार ती त्यात करते आणि आडवाटच असावी, असं म्हणते. कुणी आपल्या रचनांचा विषय काढला की आपण भूत झाल्यासारखं वाटायचं, असंही ती लिहिते. आता तुम्ही तिच्यापेक्षा तिला जास्त ओळखता का?

उत्तरपक्ष : नाही. पण साक्ष पूर्ण घ्यायची असते. त्याच पत्रात ती ही आडवाट आपल्यासाठी फार मोलाची होती, असं म्हणते. हवेच्या विरळ थरांतून आपण खाली मळलेल्या वाटेवर उतरलो आणि हजारो चालींतून हिंडलो, अशा अर्थाचं लिहिते. हेच आपल्याला सर्वांत जास्त हवं होतं की काय, असं मधल्या काळात वाटत होतं, हेही सांगते. आणि पत्र लिहिलंय कुणाला? व्हारेझला, ज्याच्या लेखी मुलांच्या गाण्यांचं पुस्तक हे काम या सदरात येतच नव्हतं. समव्यावसायिकापुढे माणूस आपला हिशेब त्याच्या चलनात मांडतो. शिवाय कलावंताचा स्वतःबद्दलचा निवाडा हा एक पुरावा असतो, अंतिम निकाल नसतो. नाहीतर जाळलेल्या सोनाट्याबद्दलही तिचाच निवाडा मान्य करून तुम्हाला गप्प बसावं लागेल.

योगायोग असा की पत्राचं वर्ष आणि ‘अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रन’ या पुस्तकाचं वर्ष एकच. तुम्ही मघाशी मुलांच्या पुस्तकांना हातही लावला नाहीत, बहुधा लाजून. १९४१ पासून मेरीलंडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे पालकांनी मिळून चालवलेल्या एका शिशुवर्गात ती गाणी शिकवत होती. त्यातून हे पुस्तक, मग १९५० मध्ये प्राण्यांच्या गाण्यांचं, १९५३ मध्ये नाताळच्या गाण्यांचं. यांतल्या पियानोच्या साथी पाहाव्यात. घरोघरच्या गीतपुस्तकांत डाव्या हाताला भरगच्च स्वरमेळ असतात, चालीला गादीवर बसवल्यासारखे. इथे दोन-तीन आवाज, मधे मोकळी हवा, कुठे एखादा सूर चालीला टोचून राहतो आणि तो टोचलेलाच सोडलेला असतो. कडवं संपलं की गाणं संपल्यासारखं वाटू नये, पुढच्या कडव्यात ते सरळ चालत जावं, याची तिला सारखी काळजी. आवाजाने आवाजाच्या सोयीसाठी वाकायचं नाही, हा क्वार्टेटमधला नियम तीन वर्षांच्या मुलाच्या गाण्याला पेलेल इतका हलका करून तिने इथे लावला आहे. हे करणं सोपं वाटत असेल, तर एखाद्या ओळखीच्या बालगीताला दोनच आवाजांची, गोड न होणारी साथ लिहून पाहावी.

पूर्वपक्ष : आणि तरीही १९५२ मध्ये ती परतलीच. विंड क्विंटेट लिहिलं, स्पर्धेत बक्षीस मिळवलं. परतली म्हणजे गेली होती. तुमचा सगळा युक्तिवाद तिच्या शेवटच्या कृतीने मोडीत निघतो.

उत्तरपक्ष : परतताना हातात काय होतं ते पाहा, मग ठरवा. विसंवाद तोच आहे, आवाजांचं सुटेपण तेच. पण १९३१ च्या क्वार्टेटमध्ये जो ठेका मुळीच सापडत नाही तो या क्विंटेटमध्ये पायाखाली आहे. छोट्या आकृत्या हट्टाने फिरून फिरून येतात, कुठल्याशा फिडलवाल्याने एका वळणाचा पिच्छा पुरवावा तशा. लोकगीताची एकही चाल त्यात उद्धृत केलेली नाही. तरी इतकी वर्षं तबकड्या ऐकल्याशिवाय ते लिहिलं गेलं नसतं, असं मला वाटतं. हे ‘वाटतं’ आहे, सिद्धता नाही. स्वरलिपी समोर ठेवून कुणी याच्या उलट दाखवलं तर ऐकायची तयारी आहे. तुम्ही ज्या नुकसानीबद्दल बोलता ती मी १९३२ पाशी धरत नाही, १९५३ पाशी धरतो. दोन्ही प्रकरणं एका वहीत यायला नुकती सुरुवात झाली होती.

पूर्वपक्ष : म्हणजे दुसरं क्वार्टेट झालं नाही, हे तुम्हाला सलत नाही.

उत्तरपक्ष : सलतं. पण १९४१ मध्ये तो निबंध कापला गेला, हे जास्त सलतं. न लिहिलेल्या क्वार्टेटबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. लिहून पुऱ्या केलेल्या निबंधाबद्दल येतो. तो त्या वर्षी अख्खा छापला गेला असता, तर दहा-पंधरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या कॉफीगृहांत गिटार घेऊन बसलेल्या मुलामुलींच्या हाती हे गाणं गोंजारू नका, नाट्य आणू नका, पायाने ठेका धरा असं सांगणारं पुस्तक असतं. त्यांच्यापैकी ज्यांनी हे ऐकल्यासारखं गायलं-वाजवलं, त्यांत १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्स’चं नाव आधी घ्यावं लागतं. जुन्या तबकड्यांवरची लकब, खरखरीतपणासकट, जशीच्या तशी उचलायची हा त्यांचा हट्ट होता. संस्थापकांपैकी एक माइक सीगर. घरात आई तीच तबकडी विसाव्यांदा लावत असताना तो खेळत होता. निबंध त्याला वाचायची गरज नव्हती. बाकीच्यांना होती.